माझ्यासाठी मागू नका

आमच्या घरमालकांनी मला एक गोष्ट सांगून ठेवलेली. ताई, काही झालं तरी माझ्यासाठी तुमच्या देवाकडे मागू नका. चांगले धडधाकट होते तेव्हा सांगितलेलं, आणि आजारी पडले तेव्हा परत सांगितलं. ज्या माणसाने आम्हाला उभं राहायला जागा दिली त्याच्यासाठी देवाला एक शब्द बोलायचा नाही, हे मी कसं करायचं ते मला तेव्हा पण कळत नव्हतं. आता ते गेले तरी नीट कळलेलं नाही. मी चौथीपर्यंत शिकलेली बाई. माझ्याकडून हा गुंता सुटत नाही म्हणून सांगते.

आधी आम्ही ठाण्यात राहायचो, वागळे इस्टेटच्या मागच्या अंगाला. माझे मिस्टर तिकडे एका कंपनीत पत्रा कापायच्या मशीनवर होते. कंपनी बंद पडली. मग मी औषधाच्या बाटल्या खोक्यात भरायच्या कामाला लागले, मिस्टर मिळेल ते करायचे. कधी वॉचमन, कधी हमाली. ठाण्याचं भाडं काही झेपेना, म्हणून पुढे दिवा स्टेशनला खोली बघायला गेलेलो. दिव्यात तेव्हा नुसत्या चाळी उठत होत्या. आज पाया दिसला की थोड्या दिवसांनी तिथे माणसं कपडे वाळत घालताना दिसायची. पाणी नाही, रस्ता नाही, पण भाडं कमी.

घरमालक म्हणजे दादा, सगळे त्यांना दादाच बोलायचे. त्यांनी चार खोल्या स्वतः उभ्या केलेल्या. ते पण वागळे इस्टेटात फिटर होते. रिटायर झाले तरी कंपनीचा निळा शर्ट इस्त्री करून घालायचे. आम्ही गेलो तेव्हा दाराबाहेर बाकड्यावर बसलेले. डिपॉझिट नाही, गाव नाही, माणसं किती नाही. पहिला प्रश्न विचारला, "देव मानता का?"

मिस्टर घाबरले. दारातून आत भिंतीवर बुद्धांची तसबीर दिसत होती. त्यांना वाटलं, आता हा माणूस आम्हाला खोली देत नाही. मिस्टर बोलले, "तुम्हाला चालत नसेल तर आम्ही घरात फोटो नाही लावणार."

दादा बाकड्यावरून उठले. "मग खोली नाही. भाड्यासाठी देव सोडणारा माणूस मला नको."

मी दमलेली. त्या दिवशी सकाळपासून तीन चाळी बघून झालेल्या. मी बोलले, "मी मानते. माझा देव्हारा येणार. तो चालत नसेल तर आम्ही निघतो."

"का मानता?"

"का म्हणजे? लहानपणापासून मानते."

"हे काय उत्तर झालं?"

"तुम्हाला उत्तर पाहिजे की भाडेकरू?"

दादा हसायला लागले, आणि आत बघून हाक मारली, "अगं, चहा ठेव. मिळाले."

आतून वहिनी बोलल्या, "काय मिळाले?"

"भांडायला माणसं."

वहिनी बाहेर येऊन मला बोलल्या, "ताई, खोली चांगली आहे, ह्यांच्याकडे लक्ष देऊ नका. आधी एकजण आलेला, तुम्ही म्हणाल तसं वागतो बोलला, त्याला ह्यांनी परत पाठवला. तीन महिने खोली रिकामी."

अशी आमची ओळख.

दादा स्वतः देवाला हात जोडायचे नाहीत. बुद्धांपुढे पण काही मागायचे नाहीत. वहिनी दर रविवारी पांढरी साडी नेसून विहारात वंदनेला जायच्या. दादा त्यांना गल्लीच्या तोंडापर्यंत सोडायचे आणि परत यायचे. मी एकदा विचारलं, तुम्ही का नाही जात. तर बोलले, "मी गेलो की प्रश्न विचारतो. तिथल्या लोकांना त्रास होतो. त्यांना शांत बसायचं असतं, बसू दे की." म्हणजे आपल्या माणसांत पण ते थोडे बाजूलाच असायचे.

पण दुसऱ्याच्या देवाची काळजी त्यांना त्या माणसापेक्षा जास्त. आमच्या शेवटच्या खोलीत एक मुसलमान गवंडी राहायचा. तो दुपारी बोलत बसला की दादाच त्याला सांगायचे, "भाई, तुमची वेळ झाली. वाद कुठे पळत नाही." मला तर विचारूच नका. संकष्टीला मी कामावरून दमून आले आणि नुसती आडवी झाले, की दारात येऊन उभे. "ताई, चंद्र आलाय."

"दादा, तुम्हाला काय करायचंय चंद्राचं?"

"मला काही नाही. तुम्ही सकाळपासून उपाशी आहात ना, मग पूर्ण करा. अर्धवट कशाला."

गणपतीत आमच्याकडे दीड दिवसाचा असायचा. दादा यायचे, चपला बाहेर काढायचे, आरती संपेपर्यंत दारात ताठ उभे. टाळी नाही, हात जोडणं नाही. मी मोदक पुढे केला की बोलायचे, "प्रसाद म्हणून देताय की मोदक म्हणून?"

"मोदकच आहे तो."

"मग द्या." आणि दोन खायचे.

मिस्टर माझ्या कानात पुटपुटायचे, ह्या माणसाचं डोकं ठिकाणावर आहे ना. मला वाटायचं, आहे. पण कुठल्या ठिकाणावर ते कळायचं नाही.

त्यांची वाद घालायची एक पद्धत होती. समोरच्याचं म्हणणं आधी ते स्वतः सांगायचे. "थांबा. तुम्हाला असं म्हणायचंय ना?" करून असं मांडायचे की समोरचा मान हलवत बसायचा. त्याने हो, हेच, असं बोलल्याशिवाय स्वतःचं सुरू करायचे नाहीत. मी दिवा लावताना घरातल्यांची नावं घेते, ओळखीच्यांची घेते, ही माझी लहानपणापासूनची सवय. ती का, ते मला कोणी विचारलं नव्हतं. दादा बोलले, "तुम्हाला असं म्हणायचंय ना, की दिवसभरात ज्यांना बघायला वेळ झाला नाही त्यांच्याकडे तुम्ही त्या वेळी बघता?" असंच होतं ते, पण मला कधी बोलता आलं नसतं. मग पुढे त्यांनी त्यावर दहा शंका काढल्या. आतून वहिनी ओरडल्या, "ताई, भाजी करपेल तुमची, जा घरी." भाजी खरंच लागलेली.

त्याच दिवशी ते पहिल्यांदा बोलले, "त्या नावांत माझं घेऊ नका. माझ्यासाठी मागायचं नाही."

मी विचारलं, का. तर बोलले, "सांगेन कधीतरी." मी त्यांचं नाव घेणं सोडलं. पण रोज नावं घेताना तिथे अडखळायला व्हायचं.

मग मिस्टर आजारी पडले. अंगावरून वारं गेलं बोलतात ना, तसं झालं. हॉस्पिटलात नेलं तर डॉक्टर बोलले, डोक्यात रक्त साकळलंय, उद्या ऑपरेशन करायला लागेल, सांगता येत नाही काही. मी संध्याकाळी कपडे न्यायला खोलीवर आलेली. आमच्या कोकणात असं काही संकट आलं की नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घालतात. घरातला मोठा पुरुष मोठ्याने बोलतो, आणि बाकीचे प्रत्येक वाक्याला व्हय म्हाराजा म्हणतात. आमच्या घरात पुरुष तो एक, आणि तोच हॉस्पिटलात पडलेला. म्हणून मी गावाला दिराला फोन लावला. मोबाईलचा स्पीकर चालू करून नारळासमोर ठेवला. दादा दारात येऊन उभे राहिलेले.

दीर तिकडून सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, आज जी काय ही तुझी लेकरां तुका नारळ ठेवून गाऱ्हाणां घालतत, ती मान्य करून घे रे म्हाराजा."

मी एकटीच बोलले, व्हय म्हाराजा.

"जी काय इडापिडा ह्या घरावर इलीहा," आणि फोन कट. परत लावला, लागेना. गावात लाईट गेली की टॉवर पण जातो. मी पाच-सहा वेळा लावला. गाऱ्हाणं नाही घातलं तर एक वेळ चालतं. इडापिडा बोलून ठेवली आणि दूर कर हे बोलायचंच राहिलं, तर ती इडा घरातच बसली असं आमच्यात मानतात.

दादा बोलले, "पुढे काय असतं?"

मी सांगितलं, असं असं असतं.

"म्हणजे तुम्हाला पाठ आहे. मग म्हणा."

"बायका नाही म्हणत. पुरुषाने म्हणायचं असतं."

"असं कोण बोललं? देव बोलला?"

"दादा, आज वाद नको. तुम्ही पुरुष आहात, मोठे आहात. मी सांगते तसं तुम्ही म्हणा."

ते नारळाकडे बघत होते. मग बोलले, "ताई, मी म्हणू शकतो, तोंड आहे मला. पण मी मानत नाही. न मानता तुमच्या देवासमोर उभं राहून खोटं बोलू, आणि ते पण तुमच्या नवऱ्याच्या जिवासाठी? ते तुम्हाला चालेल?"

मला ते चाललं नसतं. पण मग करायचं काय. शेवटी मीच नारळासमोर उभी राहिले आणि बोलले. जी काय इडापिडा इलीहा ती दूर कर रे म्हाराजा. आणि थांबले. कारण आता व्हय म्हणायला कोणी नाही.

मागून दादा बोलले, "व्हय."

नुसतं व्हय. म्हाराजा नाही बोलले. मी पुढचं वाक्य घेतलं, परत त्यांनी व्हय केलं. शेवटपर्यंत केलं. वहिनी पण येऊन उभ्या राहिलेल्या, त्या नुसत्या बघत होत्या.

झाल्यावर मी विचारलं, "दादा, हे काय केलंत?"

"तुमच्या देवाला नाही बोललो मी. तुमचा नवरा बरा व्हावा, ह्याला व्हय बोललो. ते मला पण पाहिजे."

मिस्टर वाचले. एक हात कायमचा गेला, पण पुढे काही वर्षं जगले, बाकड्यावर बसून दादांशी वाद घालत. आता ते बाईने घातलेल्या गाऱ्हाण्याने वाचले, की न मानणाऱ्याच्या व्हयमुळे, की डॉक्टरमुळे? मी दादांना विचारलं. ते बोलले, "मला डॉक्टर वाटतो. तुम्हाला काय वाटतं?" मी बोलले, मला काहीच कळत नाही. ते बोलले, "मग तसंच ठेवा. घाईने ठरवू नका."

नारळाचा तुकडा मी त्यांना खोबरं म्हणून दिला. खाल्ला त्यांनी.

माझ्यासाठी मागू नका, ह्याचं कारण त्यांनी मिस्टर गेले तेव्हा सांगितलं. मी दिवा लावणं बंद केलेलं. एवढं गाऱ्हाणं घातलं, शेवटी नेलंच ना, असं मनात आलेलं. दादा येऊन देव्हाऱ्याकडे बघून बोलले, "सोडायचं तर विचार करून सोडा. रागाने सोडलेलं टिकत नाही. माझ्या बापाने विचार करून सोडलेलं."

मग सांगितलं. दादा लहान होते, तेव्हा त्यांची बहीण तापाने फणफणलेली. बाप देवळाकडे गेला. आत घेत नव्हते त्यांना. पायरीच्या खाली, लांब, उन्हात उभा राहून त्याने मागितलं. दादांचा हात त्याच्या हातात होता. आतली माणसं दर्शन घेऊन बाजूने जात होती. मुलगी गेली. पुढे बापाने दीक्षा घेतली, आणि घरात सांगितलं, आता आपण कोणाकडे काही मागायचं नाही.

दादा बोलले, "मुलगी मेली म्हणून नाही सोडलं त्याने. बाहेरून मागायला लागलं म्हणून सोडलं. मला तो दोन्ही वेळचा आठवतो, मागतानाचा आणि सोडल्यानंतरचा. सोडल्यानंतरचा माझा बाप ताठ चालायचा."

मी आमच्या गावच्या देवळात लहानपणी आतच असायची. बाहेर कोण उभं आहे ते मी कधी वळून बघितलेलं नाही. बघायचं असतं हेच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत दिवा लावला. का लावला ते विचारू नका. मिस्टरांचं नाव आता कुठे घ्यायचं, जिवंत माणसांत की गेलेल्यांत, इथपासून सुरुवात करायला लागली.

मागच्या वर्षी दादांचं पोट फुगायला लागलं. लिव्हर खराब झालेलं. दारूचा थेंब नाही, तरी. पाय सुजले. ठाण्याला फेऱ्या सुरू झाल्या. दोन वेळा ॲडमिट करून सोडलं, आणि शेवटी डॉक्टरने वहिनींना बाजूला घेऊन सांगितलं ते आम्हाला न सांगता कळलं.

वहिनी एका दुपारी माझ्या खोलीत आल्या. देव्हाऱ्याकडे पाठ करून बसल्या. मग बोलल्या, "ताई, तुम्ही मागा."

मी बोलले, "वहिनी, ते नको बोललेत."

"मला माहीत आहे. आमच्यात मागत नाहीत. मी पण कधी मागितलं नाही. मला ते येतच नाही. पण आता मला मागायचंय हो. कोणाकडे जाऊ? तुम्हाला सवय आहे, तुम्ही मागा."

"दादांना काय सांगू?"

"सांगायचं की नाही ते तुम्ही बघा."

त्या गेल्या. मी संध्याकाळी वात केली, तेल घातलं, आणि काडी हातात धरून तशीच बसले. एक नको बोलतो, एक माग बोलते. दोघं मला सारखीच. न मागता तो माणूस गेला तर वहिनींना तोंड कसं दाखवू? मागितलं आणि तो वाचला, तर त्याला कसं दाखवू? चोरून मागणं मला जमेना. ज्याने माझ्या देवासमोर खोटं बोलायचं नाकारलं, त्याच्या पाठीमागे मी हे कसं करू?

दिवा न लावता उठले आणि बाकड्यावर गेले. दादा शाल घेऊन बसलेले. तोंड एवढंसं झालेलं.

मी सरळ बोलले, "दादा, वहिनी मला मागायला सांगून गेल्यात."

ते बोलले, "आधी माझं म्हणणं सांगा."

मी सांगितलं. "तुमचं म्हणणं असं, की तुमच्या वडिलांनी बाहेर उभं राहून मागितलं, आणि मग मागणंच सोडलं. तेव्हा त्यांची मान वर झाली. आता तुमच्या नावाने कोणी मागितलं, तर ती मान परत खाली जाईल."

दादा बोलले, "मी तुम्हाला एवढं चांगलं नव्हतं सांगितलं. आता तुमचं सांगा."

"मला माझं सांगता येत नाही. तुमचं नाव गाळून रोज दिवा लावते, तर पंगतीत एक माणूस बसलाय आणि त्याला वाढायचं राहिलंय असं वाटतं. एवढंच."

"ते खरं असेल. पण मला नको."

"बरं. मग वहिनींसाठी मागू?"

"तिचं तिला विचारा. तिला चालत असेल तर मागा. मी कोण अडवणारा?"

"त्यांच्यासाठी काय मागू?"

"तिला जे पाहिजे ते."

"दादा, त्यांना तुम्ही पाहिजे."

टँकर आलेला, गल्लीत बायका पाइप ओढत होत्या, त्यांच्याकडे दादा बघत बसले. मला वाटलं रागावले. मग हळू बोलले, "हा मुद्दा आहे. ह्याचा मी विचार नव्हता केला. मला विचार करू द्या. उद्या सांगतो."

मी घरी येऊन दिवा लावला. देवाला बोलले, ते विचार करतायत, तू पण उद्यापर्यंत थांब.

दुसऱ्या दिवशी दादा बाकड्यावर आले नाहीत. सकाळपासून त्यांना ग्लानी होती. दुपारी रिक्षा आली. दोघांनी धरून बाहेर आणलं. मी दारातच उभी. रिक्षात बसवताना त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि हात थोडा वर केला, तळवा माझ्याकडे. थांबा बोलले, की नको बोलले, की येतो बोलले, ते मला कळलं नाही. रिक्षा गेली.

संध्याकाळी मी देवासमोर बसले. त्यांचं उत्तर आलेलं नव्हतं, म्हणून मागितलं नाही. वहिनींसाठी पण मागितलं नाही, कारण ते एकच झालं असतं. नुसती बसून राहिले. त्याच संध्याकाळी ते तिकडे हॉस्पिटलात वारले.

त्यांच्यात माणूस गेल्यावर पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम असतो, तो झाला. माणसं गेल्यावर मी वहिनींना चहा करून दिला. त्या विचारणार हे मला माहीत होतं.

"ताई, मागितलंत का तुम्ही?"

"नाही वहिनी. ते उद्या सांगतो बोललेले."

मला वाटलं, आता ह्या माझ्याशी कधी बोलणार नाहीत. वहिनी कपात बघत होत्या. मग बोलल्या, "मी मागितलं. रिक्षात. कोणाकडे मागितलं ते मला पण माहीत नाही. त्यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं, आणि माझ्या तोंडातून मोठ्याने आलं, ह्यांना वाचव म्हणून. त्यांना ऐकू गेलं असणार."

"मग? काय बोलले?"

"काही नाही," वहिनी बोलल्या. "नको असं पण नाही बोलले."